पखवाजाची कणीक

मुंबईहून परत आल्यापासून जो तो विचारतो, बाई, काय काय पाहिलंत? राणीचा बाग पाहिलात का, चौपाटी पाहिलीत का, गेटवेला फोटो काढलात का? यातलं आम्ही काहीही पाहिलेलं नाही. समुद्र पाहायला मुंबईला जायची आम्हांला गरज नाही आणि वाघ पाहायची हौस नाही. जानेवारीतला जवळजवळ एक आठवडा आम्ही आठ बायका मुंबईच्या उपनगरांतून एक पखवाज घेऊन हिंडलो, आणि जे पाहिलं ते आमच्या देवळाच्या कमिटीने एकदा नीट वाचावं म्हणून हे लिहिते आहे.

आमचं गाव कुडाळ तालुक्यात. मी तिथल्या शाळेत शिकवते, चाळिशी उलटली आहे, लग्न केलेलं नाही आणि पेटी बरी वाजवते. या तिन्ही गोष्टींबद्दल गावाला माझ्यापेक्षा जास्त काळजी आहे. आमचं महिला भजनी मंडळ पाच-सहा वर्षांचं. पेटीवर मी, झांजेला आणि कोरसला बाकीच्या, आणि पखवाजावर सुलभा. सुलभा तेवीस वर्षांची. तिचे वडील पखवाज वाजवत, आणि त्यांनी तो शिकवला तिच्या मोठ्या भावाला, गुरुनाथला. सुलभाकडे काम होतं कणकेचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमाला, भिजवलेल्या कणकेचा गोळा थापतात. तो नसला की धुम बोलत नाही, नुसतं चामडं वाजतं. गोळा फार सैल चालत नाही, फार घट्ट चालत नाही, आणि दर वेळी ताजा लागतो. तर ही पोर रोज कणीक मळून द्यायची, भावाच्या मागे भिंतीला टेकून बसायची आणि मांडीवर बोटं चालवायची. गुरुनाथ मुंबईला गेला, वडील वारले, पखवाज खुंटीला राहिला. तो तिने खाली काढला. इतकी साधी गोष्ट आहे.

पण देवळात ती साधी राहिली नाही. माघातल्या सप्ताहात गावातल्या प्रत्येक मंडळाला भजनाचा पार, म्हणजे पाळी, मिळते. आम्ही पार मागितला तेव्हा कमिटीचे अध्यक्ष म्हणाले की बायकांनी गावं, कोण नको म्हणतं, पण पखवाजाला बाईचा हात देवळात लागायचा नाही. मी हुज्जत घातली. शेवटी माझं तोंड बंद करायला म्हणून ते म्हणाले, "मुंबईत जावन बारी करून दाखवा. कोण पुरुषबुवा तुमच्यासमोर बसलो, आणि हिच्या पखवाजार बारी झाली, तर पाराचा बघू."

डबलबारी म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसतात आणि आळीपाळीने गातात. अभंग, गौळण, गजर, आणि गजरातून एकमेकांना चिमटे. आजवर बुवा म्हणजे पुरुष हे गृहीत. पण मुलुंडच्या एका चाळीत आमच्याकडची बरीच कुटुंबं आहेत. त्यांच्या सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाच्या महापूजेला यंदा काहीतरी नवीन हवं होतं. बायकांची बारी म्हटल्यावर गर्दी होणार हे त्यांनी ओळखलं आणि बोलावणं धाडलं. पखवाजाला आम्ही गावाहून कुणी पुरुष आणू असं ते धरून चालले होते. आम्हीही विचारल्याशिवाय सांगायला गेलो नाही.

बोरिवली

एसटीत पखवाज कुणी वर ठेवू देईना. सुलभाने तो गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला. कंडक्टर तिकिटं फाडत आला, गोधडीकडे पाहून म्हणाला, किती वर्षांचं आहे? सुलभा म्हणाली, चाळीस. त्याने तिकीट फाडून दिलं आणि पुढच्या सीटकडे वळला.

बोरिवलीच्या डेपोवर फिलोमिना उभी होती. माझी डी.एड.ची मैत्रीण, तिथल्या जुन्या गावठाणातली. चार पिढ्यांची ख्रिस्ती घरं, अंगणात विहीर, मागे केळी, आणि कुंपणापलीकडे नव्या इमारतींचे सांगाडे. आम्हां आठ जणींना तिने दोन खोल्यांत कसं मावून घेतलं ते तिचं तिलाच ठाऊक. पखवाज मारियेच्या तसबिरीखाली ठेवला. रात्री तिने फुगे तळले. मैद्याचे, ताडीने आंबवलेले, पुरीहून जाड आणि भज्याहून हलके. सोबत त्यांच्या बाटलीतल्या मसाल्याचं कालवण. हा मसाला उन्हाळ्यात घरोघरी कुटतात आणि बियरच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून बाटलीतला. आमच्या मालवणी मसाल्याचा मला मोठा अभिमान होता, तो त्या रात्री थोडा खाली आला. आमची झांजवाली शेवंती फक्त फुग्यांवर राहिली, कारण कालवणात काय आहे हे तिने विचारलं आणि फिलोमिनाने खरं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती आम्हांला चर्च दाखवायला घेऊन गेली. तिची बारा वर्षांची मुलगी रोझी बरोबर होती. वेदीवरचं पांढरं शुभ्र कापड पाहून मी म्हटलं, परीट चांगला आहे तुमचा. फिलोमिना म्हणाली, परीट मीच. दर शनिवारी ती ते कापड धुते, खळ देते, इस्त्री करते, अंथरते, फुलं लावते. रविवारी मिस्साच्या वेळी वेदीपाशी उभे राहतात ते मुलगे, घंटा वाजवतात तेही मुलगे. रोझीने फादरना विचारलं होतं, मी का नाही? फादर हसले आणि तिला चॉकलेट दिलं.

"मग खाल्लंस ते?" सुलभाने रोझीला विचारलं.

रोझी म्हणाली, खाल्लं, पण प्रश्न अजून आहे. ही मुलगी मला फार आवडली. आपल्याकडे असं नाही असं मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या धर्माकडे पाहून म्हणत आले होते. त्या दिवशी त्या थंडगार चर्चमध्ये म्हणता येईना. देव वेगळा, भाषा वेगळी, कालवणातला मसाला वेगळा, आणि पुसणारी ती आणि वाजवणारा तो, हे मात्र जसंच्या तसं.

अंधेरी

अंधेरीत एका वसाहतीतल्या छोट्या देवळात आमचा कार्यक्रम होता. डबलबारी नव्हे, साधं भजन. हात मोकळा व्हावा म्हणून घेतलेला. आम्ही पोचल्यावर तिथल्या गृहस्थांनी आमच्याकडे एकदा, मग आमच्या मागे रस्त्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, पखवाजवाले मागून येताहेत का? मी सुलभाकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, अरे वा. मग आत जाऊन त्यांनी एका जाड्या माणसाला आणलं आणि सुलभाच्या शेजारी बसवलं. हा कोण? तर ताई थकल्या तर आधाराला. तो माणूस तिन्ही अभंगभर मांडीवर चुकीचा ताल धरून बसला होता. मला पेटीवरून उठून त्याचा हात धरावासा वाटत होता. सुलभा थकली नाही. तो मात्र गजराच्या आधी चहाला म्हणून उठला आणि परत आला नाही.

लोकांना भजन आवडलं, हे कबूल करायला हवं. शेवटी सत्कार झाला. इतर वेळी वादकांना शाल आणि श्रीफळ देतात. आम्हांला प्रत्येकी खण, नारळ आणि हळदकुंकू. लग्न झालंय की नाही तेही न विचारता आमची त्यांनी ओटी भरली. तिथले अध्यक्ष सुलभाला म्हणाले, बाई असूनही छान वाजवता हां. तिने खाली मान घालून नमस्कार केला. मी नाही केला. मी म्हटलं, तुम्ही पुरुष असूनही छान बोलता. सगळे हसले, तेही हसले. असे लोक हसतात तेव्हा त्यांना आपण काय म्हणालो ते कळलेलं नसतं.

तो खण हिरवा होता, लाल काठाचा. सुलभाने तो पिळून त्याची गोल चुंबळ केली आणि त्यावर पखवाज टेकवून पाहिला. बरोबर बसला. तेव्हापासून आमचा पखवाज अंधेरीच्या ओटीवर बसतो.

घाटकोपर

एसटीच्या धक्क्यांनी पखवाजाची वादी, म्हणजे चामडं आवळून धरणारी दोरी, सैल झाली होती. घाटकोपरला बाजाराच्या मागे एक दुरुस्तीवाला आहे असं कळलं, म्हणून मी आणि सुलभा तिकडे गेलो. वाटेत एका गुजराती दुकानात उभ्या उभ्या गरम जिलबी आणि गाठिया खाल्ले. गाठियांबरोबर कच्च्या पपईचा कीस देतात. जिलबी गोड असते म्हणून त्याबरोबर तिखट खायचं, ही पद्धत आपण घ्यायला हरकत नाही.

दुरुस्तीवाल्याचं दुकान म्हणजे एक फळी आणि मागे पडदा. त्याने पखवाज उलटापालटा केला आणि विचारलं, "बजाता कौन है?" सुलभा म्हणाली, मी. तो म्हणाला, बेटी, हे बायकांचं काम नाही, चामड्याला ताकद लागते. आणि पखवाज त्याने पडद्यामागे सरकवला. मला काही राहवलं नाही. मी पडदा बाजूला केला. आत एक बाई पाय पसरून बसली होती. एक पाय लाकडाला लावून, दातांत वादीचं टोक धरून ती आमचा पखवाज आवळत होती. दंडावर शिरा उभ्या राहिलेल्या. ती त्याची बायको. सगळी वादी तीच ओढते, असं तिने अगदी सहज सांगितलं, कारण त्याची कंबर गेली आहे.

मी बाहेर येऊन त्याला म्हटलं, ताकद आत बसली आहे. तो म्हणाला, वो तो घर का काम है. हे त्याने इतकं मनापासून सांगितलं की माझा राग कुठे ठेवावा तेच कळेना. बाई करते ते घरकाम, मग ते दुकानात बसून का करीना. आत त्या बाईने मात्र पखवाज परत देताना सुलभाचे दोन्ही हात उलटे करून पाहिले, तळव्यावरच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवला आणि नुसती मान हलवली.

मुलुंड

मुलुंडच्या त्याच चाळीत गुरुनाथ राहतो. गिरणी संपात त्याची नोकरी गेली, आता एका कारखान्यात आहे, आणि नाटेकरबुवांच्या मंडळात पखवाज वाजवतो. आमच्यासमोर बसणार होते ते हेच नाटेकरबुवा. म्हणजे बारीत एका बाजूला भाऊ आणि दुसऱ्या बाजूला बहीण. मला यात मोठी गंमत वाटत होती. गुरुनाथला वाटली नाही.

आम्ही पंचवीस तारखेला पोचलो. सहा जणींची सोय शेजारच्या घरांत झाली, मी आणि सुलभा गुरुनाथच्या खोलीत. एक खोली, एक माळा, एक मोरी आणि त्यांची दोन मुलं. त्याची बायको रेखा बोलायला कमी, कामाला वाघ. आमच्याबरोबर पुरुष पखवाजवाला आलेला नाही हे कळल्यावर चाळीच्या मंडळाचे चिटणीस तावडे धावत आले. आधी त्यांचा चेहरा पडला, मग त्यांनीच धीर धरला. "चालतंय रे, करू काहीतरी. बॅनर लागलाय आता, वाट लागेल नाहीतर." नाटेकरबुवांनीही निरोप दिला की बाईसमोर गायला आपली ना नाही. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

त्याच संध्याकाळी सुलभाची पाळी आली. ती कुणाला बोलली नाही. पण एका खोलीत काय लपतं? रेखाने मोरीत पाहिलं आणि सवयीने, वाईट मनात काही नसताना, नवऱ्याला सांगितलं. गुरुनाथने ते तावडेंना सांगितलं. तासाभरात ते चाळभर झालं.

मुंबईतल्या विटाळाची पद्धत मी नीट पाहून ठेवली आहे. आमच्याकडे बाई पडवीत बसते, कारण पडवी असते. इथे पडवी कुठली, म्हणून खाटेखाली एक गोणपाट. तिथे बसायचं, देव्हाऱ्याकडे तोंड करायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. पण पहाटे नळ येतो. तेव्हा त्याच बाईने उठून हंडे भरायचे, कारण नळ चार दिवस थांबत नाही. हंड्याला विटाळ नाही, बरणीला आहे. सोयीचं तेवढं सगळं शुद्ध, असा हा शास्त्रार्थ आहे.

रात्री जेवणं झाल्यावर तावडे आणि गुरुनाथ दोघंही आले. म्हणणं असं की पूजा सत्यनारायणाची आहे, स्टेज पूजेला लागून आहे, तेव्हा सुलभाने खाली बसावं. गुरुनाथ दोन्ही बाजूंना वाजवेल. बारी होईल, आमचा मानही राहील. मी म्हटलं, तसं झालं तर आमची बारी होतच नाही. सप्ताहातला पार सुलभाच्या पखवाजावर ठरला आहे, तिच्या भावाच्या नाही. ती वाजवणार नसेल तर आम्ही उद्या दुपारच्या गाडीने जातो, बॅनरवर तुम्ही तुमचं काय ते लिहा.

गुरुनाथ बहिणीकडे न पाहता म्हणाला, "तुझ्यासाठी स्थळ बघतोय मी इथे. उद्या तू तशा अवस्थेत स्टेजवर बसलीस, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

सुलभा खाटेखालच्या गोणपाटावर गुडघे जवळ घेऊन बसली होती. ती म्हणाली, "माझो पखवाज मी वाजवतलंय. तू तुझो वाजव."

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. तावडे म्हणाले, सकाळी बघू. रेखा मोरीत भांडी घासत होती, ती घासतच राहिली.

सकाळी नळावर बायकांचं काय ठरलं ते मला नंतर कळलं. मी झेंडावंदनाला खाली उतरले होते. आल्यावर पाहिलं तर रेखा हंडे उतरवून ठेवत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळं होतं. मी विचारलं, काय गं? ती म्हणाली, काही नाही, आज भातच लावणार आहे. मला वाटलं पूजेचा दिवस, असेल काही.

चारच्या सुमाराला गुरुनाथने पखवाज काढला, कपड्याने पुसला आणि नेहमीसारखा हात पुढे केला. लग्न झाल्यापासून प्रत्येक बारीआधी रेखा त्याच्या हातावर कणकेचा गोळा ठेवत आली होती. ती म्हणाली, "पीठ संपलं." तो म्हणाला, डबा बघ. तिने डबा उघडून दाखवला. पालथा करून दाखवला.

तो शेजारी गेला. शेजारीण म्हणाली, आज भातच आहे भाऊजी. पुढच्या घरात, आज भातच. वरच्या मजल्यावर गेला, तिथे एक म्हातारी म्हणाली की तिला दात नाहीत, ती पोळी खातच नाही. कॉमन गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ज्या चाळीत रोज सकाळी डब्याच्या पोळ्यांचा वास सुटतो, त्या चाळीत चिमूटभर कणीक नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी रेखाकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती आणि तांदळात खडा नसतानाही फार लक्षपूर्वक निवडत होती.

मग पुरुषांनी कणीक करायची ठरवली. तावडेंनी वाण्याकडून पीठ आणलं. खाली मंडपामागे एका परातीभोवती चाळीतले तालेवार लोक उकिडवे बसले. एक फिटर, एक क्लार्क, एक विमा एजंट, स्वतः नाटेकरबुवा आणि गुरुनाथ. आधी पाणी जास्त झालं. गोळा धुमावर थापला तो हळूहळू घसरत गुरुनाथच्या पांढऱ्या लेंग्यावर आला. मग त्यात पीठ ओतलं, तर दगड झाला. तिसऱ्या थापेला तो निखळून उडाला आणि बुवांच्या टोपीला लागला. बुवा म्हणाले, पीठच खराब आहे, वाण्याने फसवलं. नाचता येईना अंगण वाकडं. गुरुनाथ वीस वर्षं पखवाज वाजवत होता. गोळा कसा हवा हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं, पण तो तसा होतो कसा हे त्याने एकदाही बघितलेलं नव्हतं. तो नेहमी कुणीतरी हातावर ठेवलेला असायचा.

मंडप भरला होता. फिलोमिना रोझीला घेऊन बोरिवलीहून दोन बसेस बदलून आली होती, ती पुढेच बसली. चाळीतल्या बायका एरवी गॅलरीतून बघतात, आज सगळ्या खाली सतरंजीवर होत्या. पाच वाजले. मी सुलभाला म्हटलं, चल. आम्हांला कुणी अडवलं नाही, कारण अडवणारे सगळे परातीपाशी होते.

सुलभा स्टेजवर बसली. हिरव्या खणाची चुंबळ ठेवली, तिच्यावर पखवाज ठेवला. पिशवीतून एक छोटा डबा काढला. गावाहून निघताना ती पीठ घेऊनच निघाली होती, दुसऱ्याच्या घरच्या कणकेवर ती कधी विसंबत नाही. तांब्यातलं पाणी घेऊन तिने सगळ्यांसमोर कणीक मळली. घाई नाही, काही नाही. निम्मा गोळा धुमावर थापला, अंगठ्याने कडा बसवल्या, एक थाप दिली. धुम बोलला. माईक लागलेला होता, त्यामुळे तो चाळीच्या चौथ्या मजल्यापर्यंत बोलला.

मंडपामागून गुरुनाथ आला. कोपरापर्यंत पीठ, लेंगा चिकट. स्टेजपाशी उभा राहून तो बहिणीच्या डब्यातल्या उरलेल्या गोळ्याकडे पाहत राहिला. मागावा कसा हे त्याला कळेना. लहानपणापासून त्याला कधी मागावा लागला नव्हता.

सुलभाने गोळा उचलला, हात पुढे केला आणि म्हणाली, "दादा, माझो दुसरो दिवस आसा. ह्या हातान मळलेली कणीक तुका चलता, तर घे."

समोरचा माईक चालू होता. ते वाक्य कर्ण्यांतून बाहेर पडलं, चाळीत घुमलं आणि रस्त्यापलीकडच्या पानाच्या दुकानापर्यंत गेलं. जी गोष्ट बायका एकमेकींच्या कानातही नीट बोलत नाहीत, ती मुलुंडने एका दमात ऐकली. माईक चालू आहे हे तिला ठाऊक होतं की नव्हतं, हे मी अजून विचारलेलं नाही. मला इतका अभिमान वाटला की डोळे भरले. ते मी पुसलेही नाहीत.

नाटेकरबुवा गुरुनाथकडे पाहत होते आणि मान नकारार्थी हलवत होते. पुढच्या सतरंजीवर रेखा बसली होती, ती नवऱ्याकडे पाहत होती. गुरुनाथने एकदा बुवांकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग लेंग्याला हात पुसले आणि दोन्ही हातांची ओंजळ करून बहिणीपुढे धरली.

पुढे बारी झाली आणि जोरात झाली. आता विटाळ म्हणायचा तर तो दोन्ही पखवाजांवर होता, तेव्हा बुवांना गिळून गायला बसावंच लागलं. त्यांचा गळा उत्तम आहे, त्यात शंका नाही. गौळणीला त्यांनी खांद्यावरचा पंचा डोक्यावर पदरासारखा घेतला आणि वाट अडवलेल्या गोपीचं दुःख असं गायलं की लोकांनी माना डोलावल्या. बाईचं दुःख गायला त्यांना पदर चालतो. मग गजरात मात्र चिमटा काढलाच:

*चूल सोडून आली नार, हाती घेतला मृदंग,*
*भाकर करपली घरी, कसा रंगावा अभंग?*

पुरुषांनी टाळ्या पिटल्या. मी पेटी ओढली, सुलभाने दुगण, म्हणजे दुप्पट लय, घेतली आणि आमचं उत्तर गेलं:

*करपली भाकर तर बुवा, तुम्ही उलथा की जरा;*
*उलथणं हाती धरताना कुणाचा गळला हो तुरा?*

त्यावर ज्या टाळ्या पडल्या त्यांत बांगड्यांचा आवाज होता. एवढा मोठा मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. रोझी तर उभीच राहिली होती. कुणी जिंकलं असं डबलबारीत जाहीर करत नाहीत, आणि मला त्याची गरजही नव्हती.

निघताना रेखाने आमच्याबरोबर पोळ्यांची चळत बांधून दिली. पीठ कुठून आलं हे मी विचारलं नाही. गुरुनाथ डेपोपर्यंत पखवाज उचलून आला. गाडी सुटताना खिडकीपाशी येऊन एवढंच म्हणाला की डाव्या हाताची तिसरी थाप अजून सैल पडते, ती बघ. स्थळाचा विषय त्याने काढला नाही. तो विषय संपला असं मी म्हणत नाही, पण त्या दिवशी तो निघाला नाही.

गावी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही देवळात गेलो. कमिटी सभामंडपात बसली होती. आमच्याआधी बातमी पोचली होतीच. अध्यक्ष म्हणाले, बारी झाली ते ऐकलं, बरं झालं, पण देवळाचं पावित्र्य वेगळं, तेव्हा पाराचं जरा सबुरीने घेऊ. मी तोंड उघडणार होते. सुलभाने माझ्या आधी पखवाज खांद्यावरून उतरवला, हिरव्या खणाच्या चुंबळीवर देवासमोर ठेवला आणि त्याच्या शेजारी बैठक मारली.

"अध्यक्षानू," ती म्हणाली, "सप्ताहाक आजवर जितके पखवाज वाजले, तेंका कणीक कोणी मळली, ता आपापल्या घराक जावन विचारून येवा. आमी हयच बसलो आसो."

एकही जण उठला नाही. समोर पखवाज होता, आणि माघ पाच दिवसांवर आला होता.